महामार्गावर वेगमर्यादेची चलने पुन्हा पुन्हा येत असतील तर

ठाणे, ऐरोली, वाशी, खारघर, पनवेल या पट्ट्यात राहणाऱ्या आणि सुट्टीला स्वतःच्या मोटारीने पुणे, नाशिक किंवा कोकण गाठणाऱ्या कुटुंबांकडून एक तक्रार सतत ऐकू येते. प्रवास नीट होतो, वाटेत कोणी पोलीस अडवत नाही, गाडी चालवणाऱ्याला आपण फार वेगात होतो असे मुळीच वाटत नाही, आणि घरी परतल्यावर मोबाइलवर ई-चलनाचा संदेश येऊन पडतो. दंड भरला जातो, पुढच्या वेळी जपून चालवायचे ठरते, आणि पुढच्या फेरीनंतर पुन्हा तसाच संदेश येतो. जपून चालवण्याच्या निश्चयाने हा प्रश्न सुटत नाही, कारण तो निश्चय सबंध प्रवासासाठी केलेला असतो आणि चलन मात्र प्रवासातल्या ठरावीक दोन-तीन जागी होत असते. वेगाची मर्यादा जिथे बदलते तिथे आपला वेग बदलत नाही, हे वारंवार येणाऱ्या बहुतेक चलनांचे मूळ आहे, आणि त्या जागा कोणत्या हे खुद्द चलनांवरच लिहिलेले असते.

आधी सगळी चलने एकत्र मांडा

महाट्रॅफिक ॲपवर किंवा राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे आकडे टाकले की त्या गाडीवरची चलने दिसतात. ती एकेक करून भरून टाकण्यापूर्वी प्रत्येकाची तारीख, वेळ, ठिकाण आणि नोंदलेला वेग एका कागदावर ओळीने लिहून काढावा, आणि त्या पट्ट्यावरची मर्यादा त्यासमोर मांडावी. हे काम कंटाळवाणे वाटते, पण मला तरी याच्याइतका उपयोगी दुसरा उपाय माहीत नाही. सगळी चलने घाटातली निघाली तर दुखणे एक आहे. सगळी परतीच्या प्रवासातली, रविवारी रात्रीची निघाली तर दुसरे आहे. नोंदलेला वेग प्रत्येक वेळी मर्यादेच्या तीन-चार किलोमीटरच वर असेल तर गाडीच्या काट्याकडे किंवा टायरकडे पाहावे लागते, आणि तो मर्यादेच्या तीस किलोमीटर वर असेल तर काट्याला दोष देण्यात अर्थ नसतो. ज्या दिवशी आपण त्या रस्त्यावर नव्हतोच त्या दिवसाचे चलन यादीत सापडले तर ते प्रकरण निराळेच आहे, त्याकडे शेवटी येऊ.

चलनाचा संदेश उशिरा पोहोचतो हीदेखील या समस्येची एक बाजू आहे. शनिवारी जाताना घाटात चूक झाली आणि संदेश मंगळवारी आला, तर रविवारी परतताना तीच चूक निर्धास्तपणे पुन्हा होते. चार फेऱ्यांची चलने एकदम दिसतात तेव्हा कोणती नेमकी कशामुळे आली हे आठवतही नाही. आरसीवर नोंदलेला मोबाइल क्रमांक जुना असेल तर संदेशच येत नाहीत आणि गाडी विकायला काढल्यावर थकबाकीचा आकडा समोर उभा राहतो. म्हणून परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर जाऊन मोबाइल क्रमांक अद्ययावत करणे हे निवारणाचे पहिले पाऊल समजावे, आणि लांबच्या प्रत्येक प्रवासानंतर आठवड्याभराने ॲप स्वतःहून उघडून पाहावे.

घाटातली चलने

ठाणे-नवी मुंबईकरांच्या चलनांमध्ये यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्गाचा, म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा, वाटा मोठा असणे स्वाभाविक आहे, कारण कळंबोलीहून निघालेला हा साधारण ९५ किलोमीटरचा रस्ता आपल्या दारातूनच सुरू होतो. त्यावर मोटारीसाठी सपाट भागात ताशी १०० किलोमीटर आणि बोरघाटात ताशी ६० किलोमीटर अशी मर्यादा आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने द्रुतगती मार्गांवर मोटारींना कमाल १२० पर्यंत वेगाची मुभा दिली होती. तो आकडा वर्तमानपत्रांत वाचून पुष्कळांच्या मनात पक्का बसला आहे. मात्र ती देशासाठीची वरची सीमा आहे. राज्याला त्याहून कमी मर्यादा ठरवता येते, आणि रस्त्याकडेच्या फलकावर जो आकडा आहे तोच पाळायचा असतो.

आता घाटाच्या तोंडाशी काय होते ते पाहू. कळंबोलीपासून खालापूर टोलनाक्यापर्यंत रस्ता रुंद, सरळ आणि मोकळा असतो. शंभराच्या वेगाला डोळे आणि कान इतके सरावतात की तो वेग संथ वाटू लागतो, आणि ऐंशीवर आलेली गाडी तर रेंगाळत असल्यासारखी वाटते. चालकाच्या स्वभावाशी याचा फारसा संबंध नाही. एकाच वेगात बराच वेळ गेल्यावर प्रत्येक माणसाचा वेगाचा अंदाज असाच बिघडतो, आणि आजच्या बंद काचांच्या, आवाज आत न येऊ देणाऱ्या गाड्यांत तो अधिकच बिघडतो. टोलनाक्यावरून सुटल्यावर पुन्हा वेग घेतलेला असतो, आणि थोड्याच अंतरावर साठचा फलक येतो. चालक पाय सैल करतो, गाडी ऐंशीपर्यंत उतरते, त्याला आपण पुष्कळ वेग कमी केला असे प्रामाणिकपणे वाटते, आणि आडोशी बोगद्याच्या आसपास पोहोचेपर्यंत तो मर्यादेच्या वीस किलोमीटर वरच असतो.

यावर उपाय एकच आहे, तो म्हणजे अंदाजावर न विसंबता काट्याकडे पाहून वेग ठरवणे, आणि तेही फलक दिसल्यानंतर नव्हे तर फलकापर्यंत. मर्यादा फलकाच्या जागी सुरू होते, त्यामुळे तिथे पोहोचताना काटा साठवर असायला हवा. घाट सुरू होण्याच्या आधी एखादी ओळखीची खूण मनात ठरवून ठेवावी आणि तिथून पुढे वेग उतरवायला लागावे. शेजारी बसलेल्या माणसाला हे काम सोपवले तर फारच उत्तम. 'अहो, घाट आला, साठवर आणा' असे कोणीतरी मोठ्याने म्हटल्यावर जो परिणाम होतो तो मोबाइलच्या घंटीने होत नाही. घरातली दहा-बारा वर्षांची मुले हे काम विलक्षण काटेकोरपणे करतात, असा पुष्कळ घरांतला अनुभव आहे.

पुण्याहून परतताना घाट उतरणीचा असतो आणि तिथे अडचण दुप्पट होते. पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो, चालकाला वाटते की आपण वेग देतच नाही, आणि गाडी उताराच्या जोरावर साठवरून पंचाहत्तरवर जाते. सतत ब्रेक दाबून वेग धरला तर ब्रेक तापतात आणि नेमक्या वेळी कमी लागतात. साध्या गियरच्या मोटारीत उतार सुरू होण्यापूर्वीच तिसरा गियर टाकावा, म्हणजे इंजिन स्वतः गाडी धरून ठेवते आणि ब्रेक मधूनमधूनच लागतो. ऑटोमॅटिक गाडीत गियर हाताने बदलण्याची सोय असते, ती नेमकी यासाठीच आहे, पण कित्येक मालकांनी गाडी घेतल्यापासून ती एकदाही वापरलेली नसते. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडून उतरण्याची सवय असेल तर ती आजच सोडावी, कारण त्यात इंजिनाचा अटकाव पूर्णपणे जातो. घाटातली साठची मर्यादा अनेकांना जाचक वाटते, तेव्हा तिथे आपल्याबरोबर कोण चालते आहे हे लक्षात घ्यावे. खालच्या गियरमध्ये रांगत चाललेला भरलेला ट्रक वळणापलीकडे अचानक समोर येतो, आणि साठच्या वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सतरा मीटर, तर नव्वदच्या वेगाने जाणारी सेकंदाला पंचवीस मीटर पुढे सरकत असते. चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचण्याआधीच हे अंतर कापले गेलेले असते.

कॅमेऱ्यापाशी ब्रेक मारूनही चलन येते

जुलै २०२४ पासून या द्रुतगती मार्गावर एकात्मिक वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा सुरू झाली आणि तेव्हापासून तक्रारींचे स्वरूप बदलले. पूर्वी महामार्ग पोलिसांचे वाहन रस्त्याच्या कडेला उभे असे आणि स्पीड गनने त्या क्षणाचा वेग मोजला जाई. समोरून येणारे गाड्यांचे दिवे लुकलुकवून इशारा देत आणि सगळे तेवढ्यापुरते हळू होत. ती पद्धत आजही आहे, पण तिच्या जोडीला सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आले आहेत. लोखंडी कमानीवरचा कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि वेळ नोंदवतो, पुढच्या कमानीवरचा कॅमेरा तीच नंबरप्लेट पुन्हा वाचतो, आणि दोन्हींमधले अंतर व लागलेला वेळ यांवरून वेग काढला जातो.

समजा दोन कमानींमध्ये दहा किलोमीटर अंतर आहे. शंभरच्या मर्यादेत ते कापायला निदान सहा मिनिटे लागली पाहिजेत. एखाद्याने पहिले आठ किलोमीटर १२५ च्या वेगाने काढले आणि पुढची कमान दिसताच शेवटचे दोन किलोमीटर ८० ने काढले, तर त्याला सुमारे ५ मिनिटे २० सेकंद लागतात, म्हणजे सरासरी ११२ च्या आसपास येते. कमानीखालून जाताना तो ऐंशीवर होता हे खरे, आणि चलन आले हेही योग्यच. 'मी तर कॅमेऱ्याजवळ हळू होतो' अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांचे उत्तर या हिशोबात आहे. मागून शंभराच्या वेगाने येणाऱ्या गाडीच्या पुढ्यात कमान पाहून अचानक ब्रेक दाबणे हे तर चलनापेक्षा कितीतरी मोठे संकट ओढवून घेणे आहे, आणि वर्दळीच्या दिवशी असे प्रकार डोळ्यांनी पाहावे लागतात याचे मला खरोखर वाईट वाटते.

दोन कमानींच्या मध्ये फूड मॉलवर चहाला थांबल्यास त्या टप्प्याची सरासरी आपोआप खाली येते, हे खरे आहे. तेवढ्यावर भरवसा ठेवू नये, कारण जागच्या जागी वेग मोजणारी साधनेही त्याच रस्त्यावर आहेत. दोन्ही मोजमापांतून सुटण्याचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे सबंध टप्पा मर्यादेच्या चार-पाच किलोमीटर खाली एका लयीत चालवणे. काटा ९५ वर ठेवला की ओव्हरटेक करताना थोडा वेग वाढला तरी मर्यादा ओलांडली जात नाही. जो चालक नेमका शंभरवर बसतो त्याला ओव्हरटेकसाठी जागाच उरत नाही, आणि प्रत्येक ट्रक मागे टाकताना तो एकशे दहा-पंधरावर जातो. आपली चलने विखुरलेली, कुठल्याही एका जागी न साचणारी दिसत असतील तर कारण बहुधा हेच असते.

गाडीतला बीप आणि क्रूझ कंट्रोल यांवर किती विसंबावे

१ जुलै २०१९ पासून बनलेल्या मोटारींमध्ये वेगाची सूचना देणारा आवाज सक्तीचा आहे. ताशी ८० च्या वर गाडी गेली की तो थांबून थांबून वाजतो आणि १२० च्या वर गेल्यावर सलग वाजत राहतो. हा आवाज रस्त्यावरची मर्यादा जाणत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात ९० चा वेग पूर्णपणे कायदेशीर असतानाही तो वाजत राहतो, म्हणून कान त्याला सरावतात. शंभराची मर्यादा ओलांडून गाडी ११० वर गेली तर आवाजात काहीच बदल होत नाही, आणि घाटात साठऐवजी ७५ वर असली तर तो मुळी वाजतच नाही. आपल्याला ज्या दोन जागी सूचनेची सर्वांत जास्त गरज आहे तिथेच ही सोय उपयोगी पडत नाही. अनेक नव्या गाड्यांत चालकाला हवा तो आकडा भरून इशारा लावता येतो, आणि काहींत त्या आकड्यापलीकडे ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी वेग घेत नाही अशी वेगरोधकाची सोय असते. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत याची माहिती असते. ती एकदा शांतपणे वाचून, निघण्याआधी सपाटीसाठी एक आणि घाटासाठी एक असे आकडे लावायला शिकून घ्यावे.

साधा क्रूझ कंट्रोल सपाटीवर उपयोगी आहे, कारण तो नकळत चढणारा वेग रोखतो. परंतु तो उतारावर ब्रेक लावत नाही, त्यामुळे घाट उतरताना लावलेल्या आकड्याच्या पुढे गाडी सहज जाते. वळणांच्या रस्त्यावर तो वापरणेही योग्य नाही. घाटाआधी तो बंद करणे हा नियम करून टाकावा. पुढच्या गाडीशी अंतर राखणारा आधुनिक प्रकार असेल तरी त्यालाही शंभरच आकडा दिलेला असतो, आणि पुढची गाडी साठची मर्यादा मोडून चालली असेल तर तो निमूटपणे तिच्या मागे जातो.

नकाशाच्या ॲपवर दिसणारा वेग उपग्रहांवरून काढलेला असतो. मोकळ्या रस्त्यावर, स्थिर वेगात तो बराच अचूक असतो, पण वेग बदलताना मागे पडतो, आणि बोगद्यात उपग्रहांचा संकेतच मिळत नाही. ॲपमध्ये दिसणारी मर्यादाही नेहमी ताज्या फलकाशी जुळते असे नाही. काट्याची पडताळणी करण्यासाठी मात्र हा वेग चांगला आहे: सपाट रस्त्यावर काही मिनिटे काटा ८० वर स्थिर ठेवून सहप्रवाशाने मोबाइलवरचा आकडा पाहावा. कारखान्यातून आलेल्या गाडीत काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, कारण त्याने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू नये असा दंडकच आहे. म्हणून मोबाइलवर ७६ किंवा ७७ दिसणे ठीक आहे. मोबाइलवर ८३ दिसू लागले तर टायर तपासावेत. १९५/६५ आर १५ या मापाऐवजी कोणी २१५/६५ आर १५ टायर बसवून घेतले असतील तर चाकाचा व्यास सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. प्रत्येक फेऱ्यात गाडी तेवढी जास्त पुढे जाते आणि काट्याला ते कळत नाही. काटा शंभर दाखवत असताना मूळ काट्याने दिलेली सूट संपून गाडी प्रत्यक्षात मर्यादेच्या वर असू शकते. मर्यादेच्या जेमतेम वर नोंदलेली चलने पुन्हा पुन्हा येत असतील आणि गाडीला मोठे टायर असतील, तर दुकानात जाऊन कंपनीने सांगितलेले माप परत बसवून घेणे हाच उपाय.

वाया गेलेला वेळ भरून काढण्याची घाई

घोडबंदर रस्त्यावरून शुक्रवारी संध्याकाळी पुण्याला निघालेल्या माणसाचा विचार करा. माजिवडा, कळवा, ऐरोली किंवा शिळफाटा यांपैकी कोणताही रस्ता धरला तरी कळंबोलीला पोहोचेपर्यंत अर्धा-पाऊण तास कोंडीत गेलेला असतो. द्रुतगती मार्ग लागताच समोर मोकळा रस्ता दिसतो आणि गेलेला वेळ इथे काढू असे मनात येते. हिशोब करून पाहिला तर तो वेळ निघत नाही. घाट सोडून सपाटीचे सुमारे ८० किलोमीटर धरले, तर शंभरच्या वेगाने ४८ मिनिटे लागतात आणि एकशे वीसच्या वेगाने ४० मिनिटे. वाचली ती आठ मिनिटे, आणि तीही सबंध अंतरात एकदाही वेग उतरला नाही तर, जे शुक्रवारी संध्याकाळी शक्यच नसते. घाटाचे पंधरा किलोमीटर साठऐवजी ऐंशीने कापले तर चार मिनिटेही वाचत नाहीत. या काही मिनिटांसाठी मोटारीला दर खेपेस साधारणतः २००० रुपयांचे चलन होते, आणि १२० च्या वेगात धडक बसली तर तिचा जोर शंभरच्या धडकेपेक्षा ४४ टक्क्यांनी जास्त असतो.

म्हणून ठाण्याहून निघणाऱ्यांनी पोहोचण्याची वेळ सांगताना कळंबोलीपर्यंतचा वेळ कोंडी धरूनच सांगावा, आणि पुण्यात वाट पाहणाऱ्यांना द्रुतगती मार्गावर आल्यानंतरच फोन करून नेमकी वेळ कळवावी. लग्नाचा मुहूर्त, सकाळची मुलाखत, विमान अशी गाठायची वेळ असेल तर एक तास आधी निघणे हा एकच उपाय आहे. परतीच्या रविवारी रात्रीची चलने दिसत असतील तर थकव्याकडेही पाहावे. दमलेला चालक काट्याकडे कमी वेळा बघतो आणि पुढच्या गाडीच्या दिव्यांमागे ओढला जातो. लोणावळ्याच्या आधी पंधरा मिनिटे थांबून, शक्य असल्यास चालक बदलून घाट उतरावा.

टूरिस्ट गाड्यांच्या मालकांनी याच संदर्भात मोटार वाहन कायद्याचे कलम १८३ मुळातून वाचावे. त्यात दंड आहे तो चालकाला तर आहेच, शिवाय हाताखालच्या चालकाला वेगमर्यादा मोडायला लावणाऱ्यालाही शिक्षा सांगितली आहे, आणि मर्यादा न मोडता पाळता येणार नाही असे वेळापत्रक दिले असेल तर ते त्याविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. दुसऱ्यांदा गुन्हा झाल्यास चालकाचा परवाना जप्त होण्याची तरतूदही याच कलमात आहे. विमानतळावर प्रवासी सोडून दोन तासांत पुण्यात हजर राहायला सांगणाऱ्याने चालकाच्या पगारातून चलन कापून घेणे मला अन्यायाचे वाटते.

रस्ता बदलला की मर्यादा बदलते

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून ठाण्याहून शिर्डी, संभाजीनगर आणि नागपूरकडे जाणाऱ्यांची सोय झाली. तिथे सपाटीवर मोटारीला १२० ची मर्यादा आहे. परतताना भिवंडीजवळ आमण्याला तो संपतो आणि गाडी जुन्या नाशिक महामार्गावर येते. तिथे वस्त्या आहेत, दुभाजकातून रस्ता ओलांडणारी माणसे आहेत, कामामुळे वळवलेले पट्टे आहेत आणि मर्यादाही कमी आहे. तासन्‌तास एकशे वीसने आल्यावर पडघा-वडपे भागात ऐंशीचा वेग अगदी मुंगीच्या पावलांचा वाटतो. आमण्याचा टोलनाका ओलांडल्यावर लगेच सुरक्षित जागा पाहून पाच मिनिटे थांबावे, खाली उतरावे, आणि मगच पुढे निघावे. एवढ्या खंडानेही वेगाचा अंदाज बराच ताळ्यावर येतो.

अटल सेतूवर असाच प्रकार उतरताना होतो. मुख्य सेतूवर शंभर चालतात, पण चढण्या-उतरण्याच्या मार्गिकांवर मर्यादा चाळीसची आहे, आणि तिथे शंभरवरून चाळीसवर येण्यासाठी आधीपासूनच वेग उतरवत आणावा लागतो.

आपले वाहन कोणत्या वर्गात नोंदलेले आहे हेही तपासून घ्यावे. मालवाहू पिकअप मोटारीसारखा पळतो म्हणून त्याला मोटारीची मर्यादा लागू होत नाही. मालवाहू वाहनांसाठी केंद्राच्या अधिसूचनेतली वरची सीमाच ८० आहे. चालक धरून नऊहून जास्त आसनांची प्रवासी गाडी असेल तर तीही वेगळ्या वर्गात जाते. वाशीच्या बाजारात माल आणणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना ९० च्या वेगाचे चलन आले की ते चुकीचे वाटते, पण बहुतेक वेळा ते बरोबर असते.

चलनच चुकीचे असेल तर

चलनाबरोबरचे छायाचित्र मोठे करून पाहावे. गाडीचे मॉडेल, रंग, काचेवरचे स्टिकर, नंबरप्लेटचे प्रत्येक अक्षर जुळते का हे तपासावे. कॅमेरा कधी ८ आणि बी, किंवा शून्य आणि ओ यांत गफलत करतो, विशेषतः प्लेट मळलेली किंवा नक्षीदार अक्षरांत रंगवलेली असेल तेव्हा. उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आणि ती स्वच्छ ठेवली की ही शक्यता बरीच कमी होते. छायाचित्रात दुसऱ्याच गाडीवर आपला क्रमांक दिसला तर मात्र ॲपवरच्या तक्रारीवर थांबू नये. क्रमांकाची नक्कल झाली असल्याची लेखी तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावी आणि तिची पोच घ्यावी.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला. त्यानुसार वेग मोजणाऱ्या यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र असले पाहिजे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण झाले पाहिजे, यंत्र लावलेल्या पट्ट्याआधी वाहनचालकांना तसे सांगणारा फलक असला पाहिजे, चलनासोबत गुन्हा व नंबरप्लेट दाखवणारे छायाचित्र, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि जागा असली पाहिजे, आणि सूचना गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत पाठवली गेली पाहिजे. यांतले काही नसेल तर महाट्रॅफिक ॲपवरच्या तक्रारीत नेमके तेवढेच, पुराव्यासह लिहावे. त्या दिवशी गाडी दुसरीकडे असल्याचे फास्टॅगच्या नोंदी, सोसायटीच्या फाटकावरची नोंद किंवा सर्व्हिस सेंटरची पावती यांवरून दाखवता येते. 'मी नेहमी हळूच चालवतो' या वाक्याचा तिथे काहीही उपयोग होत नाही. तक्रार फेटाळली गेली आणि पुरावा भक्कम असेल तर न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग खुला असतो. उलट, चलन बरोबर आहे हे ठाऊक असताना लोक अदालतीत सवलत मिळेल म्हणून वर्षानुवर्षे चलने साचवणे मला पटत नाही. यादी लांबत जाते, गाडीचे हस्तांतरण अडते, आणि कोणत्या जागी आपण चुकतो हे पाहण्याची वेळही निघून जाते.

दंड भरताना ॲप किंवा संकेतस्थळ स्वतः उघडूनच भरावा. व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने एखादी एपीके फाइल आली तर ती कधीही उघडू नये, कारण अशा फायली मोबाइलचा ताबा घेऊन बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचतात. अशा संदेशात गाडीचा क्रमांक बरोबर असला तरी तो खरा मानू नये.

गाडी घरातले दोघे-तिघे चालवत असतील, तर चलनांच्या त्या यादीत आणखी एक रकाना वाढवावा आणि त्या फेरीला चाकावर कोण होते ते लिहावे. त्या वेळी गाडी कोण चालवत होते ही माहिती मागितली गेल्यास ती देणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ नुसार मालकाला बंधनकारक आहे. गाडी विकून झाली असेल आणि चलने अजूनही आपल्याच मोबाइलवर येत असतील, तर हस्तांतरणाचे नमुना क्रमांक २९ आणि ३० चे अर्ज परिवहन कार्यालयात दाखल झाले आहेत का, हे त्याच दिवशी पाहावे. आरसीवर नाव आपले आहे तोवर घेणाऱ्याच्या वेगाचे चलन आपल्याच नावे निघत राहते.